कंडक्टरची शिट्टी

रविवार, संध्याकाळ. बोरी अरब.

चार दिवस ही वही नुसती पिशवीत घेऊन हिंडलो, लिहिलं काहीच नाही. आज ती शिट्टी डोक्यातून जात नाही.

पानठेल्यावर टीव्हीतल्या मॅचच्या पेनल्टीवरून भांडण लागलं, अन् नेहमीसारखं आमच्या जुन्या बोरी-दारव्हा फुटबॉल मॅचवर आलं. मैदान एसटी स्टँडला लागून. शेवटी बॉल माझ्याकडे आला अन् शिट्टी वाजली. दारव्ह्याचे सगळे थांबले, गोलकीपर तर कमरेवर हात ठेवून उभा. मी गोल मारला. शिट्टी रेफ्रीची नव्हतीच, कंडक्टर शिट्टी मारून ड्रायव्हरले एसटी मागे घ्यायले लावून राह्यलता. रेफ्रीनं गोल दिला, आम्ही जिंकलो.

"गोल द्यायलेच नाही पाह्यजे होता," गजूभाऊ म्हणाला.

"कायले? कान त्यायचे कच्चे," सलीम म्हणे. "आपल्या पोट्ट्याले कुठं शिट्टीच ऐकू आलती."

मी हसून चहा प्यालो. वेळ मजेत गेला. पण शिट्टी मला ऐकू आलती. एवढा एसटीनं फिरतो, कंडक्टरची शिट्टी झोपेतही ओळखतो. गाडी पुसदची होती का दिग्रसची... जाऊ दे. ही हुशारी होती का लबाडी? सांगितलं तर गोल राहील का माझा? गावात दुसरं काय आहे माझ्या नावावर.

दारात कोणी हाक मारून राह्यलं. पाह्यलं तर दारव्ह्याचा तोच गोलकीपर, हातात भाजीची थैली.

"बाजाराले आलतो. म्हटलं विचारूनच जावं. सगळे थांबले, तू काहून नाही थांबला?"