भिंतीमागची हाक

प्रिय पप्पा,

तुम्हाला, आईला आणि दादाला प्रभूमध्ये सलाम. मी मजेत आहे. आईला सांगा, जेवण वेळेवर होतं, हाडं अजून दिसायला लागली नाहीत.

इथे वृद्धाश्रमात माझ्याकडे एक आजोबा आहेत, पूर्वी सुतारकाम करायचे. त्यांचा वारलेला भाऊ त्यांना भिंतीमागून हाका मारायचा. भीतीने त्यांनी खाणंपिणंच सोडलं होतं. परवा माझा हात धरून म्हणाले, "तू पाळकाची पोर ना? त्याला गप्प कर."

मी आधी तुमच्यासारखी मोठमोठ्याने प्रार्थना केली. काही झालं नाही. मग तुमचं म्हणणं आठवलं, अधिकार आपल्या घशात नसतो, ज्याचं नाव घेतो त्याचा असतो. मी हळूच म्हटलं, "येशूच्या नावात, गप्प हो." आजोबा पाणी प्यायले आणि लहान मुलासारखे झोपले. सगळ्यांनी कौतुक केलं. मलाही जरा चढलंच, पप्पा.

काल दुपारी मी त्याच खोलीत चादर बदलत होते, तेवढ्यात भिंतीमागून हाक आली, "ठके!" माझं हे घरचं नाव इथे कुणालाच माहीत नाही. हा कोण, हे भीतीने मी प्रभूला विचारलंसुद्धा नाही, त्याच्या नावाने तोही आवाज गप्प केला.

तेव्हापासून सगळं शांत आहे. पण पप्पा, आवाज हुबेहूब तुमचा होता, आणि दम लागलेला होता. तुमचा खोकला कसा आहे? दादा फोन का उचलत नाही? पत्र मिळताच दोन ओळी लिहा. दादाकडून लिहवून घेऊ नका, तुमच्याच हाताने लिहा.

वाट बघणारी,
तुमची लेक