काकांच्या अल्बमचा आम्ही रेगे केला, त्याविषयी

प्रिय ताई,

धाकट्या चुलत भावाचा लांबूनच नमस्कार (जवळ असतो तर पाठीत धपाटा बसला असता, आणि तो वाजवी असता). तुझी मान कशी आहे? भाऊजींचं पित्त? मी बरा आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी बरा नाही. नऊ दिवस झाले, मला काकांची, म्हणजे तुझ्या बाबांची, भीती वाटतेय. त्यातली एक भीती छोटी आहे, एक मोठी. छोटी आधी सांगतो. मोठी शेवटी, धीर झाला तर.

काकांचा तो रॉक अल्बम तुला काय सांगायचा, तू त्याच्या हाताखाली वाढलीस. दर रविवारी चारला काका हात धुऊन रेकॉर्ड लावतात आणि पुढची बेचाळीस मिनिटं घरात कुणी चमचाही हलवायचा नाही. (लहानपणी त्या वेळात मला शिंक आली होती, ती मी उशीत दिली.) तर आमच्या बँडने तोच अल्बम अख्खाच्या अख्खा रेगेमध्ये केला. बँड म्हणजे बासवर (ती जाड आवाजाची गिटार) मी, ड्रमवर आमचा दातांचा डॉक्टर, गिटारवर त्याचा कंपाउंडर आणि गायला डॉक्टरची बायको, जी जाडसर आवाजात, नवऱ्याकडे रागाने बघत गाते, पण सुरात गाते. रॉकमध्ये ड्रमवाला पहिल्या ठोक्यावर तुटून पडतो. रेगेमध्ये तो पहिला ठोका सोडूनच देतो, जिना उतरताना पायरी गाळावी तसा. गिटार मधल्या फटींत चुटूक चुटूक करते आणि सगळा भार बासवर, म्हणजे माझ्यावर. काकांच्या लेखी हे न्यायाधीशाला पायजम्यात कोर्टात बसवण्यासारखं आहे.

गाणी बसवायला मूळ रेकॉर्ड हवी होती. ती मी काकांच्या कपाटातून न विचारता उचलायचो आणि रविवारच्या आत परत ठेवायचो. पुढे आमचं रेकॉर्डिंग झाल्यावर डॉक्टरने हौसेने त्याचीही रेकॉर्ड करून आणली, एकच प्रत, आणि तिचं लेबल हुबेहूब मूळच्यासारखं छापून घेतलं (याला तो आदरांजली म्हणतो). दोन्ही काळ्या, दोन्ही गोल. त्या शुक्रवारी मी काकांच्या कव्हरमध्ये चुकून आमची घालून ठेवली. हो, पुढचं तुला कळलं असेल, तरी लिहू दे.

रविवारी चारला मी तिथेच होतो. सुई टेकली आणि माझाच बास माझ्या पोटात वाजला. मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेलो. तिथे काकू वाटाणे सोलत होती (अजिबात आवाज न करता, सराव आहे). तिने माझं तोंड बघितलं आणि न बोलता अर्धे वाटाणे माझ्यापुढे सरकवले. मी सोलत सोलत फटीतून बघत होतो. काका ओरडत नव्हते. तळहात टेबलावर सपाट टेकवून, डोळे मिटून बसले होते. बेचाळीसची एकावन्न मिनिटं झाली (रेगे सावकाश चालतो). शेवटी म्हणाले, "आज फार दिवसांनी नीट ऐकू आलं."

मला वाटलं, टोमणा आहे. काकांचा टोमणा आधी येतो, बाकीचं नंतर. पुढचे पाच दिवस मी लाकडाच्या कारखान्यात मापं लिहीत, ते बाकीचं यायची वाट बघत बसलो, त्यांच्यापासून वीस फुटांवर. आणि काका तिथे करवत चालवतात, ताई. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. शनिवारी सहन होईना, मीच कबूल केलं. तर म्हणाले, "पहिल्याच गाण्यात कळलं. बाई गातेय. मी बहिरा असेन, बावळट नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षभरात त्यांनी तीन सुया बदलल्या, रेकॉर्डचा जीव गेला म्हणून दुकानदाराशी भांडले. रेकॉर्डला काहीच झालेलं नव्हतं. वरचे, बारीक आवाज त्यांना येतच नाहीत. गिटारची किंकाळी नाही, झांजा नाहीत. जाड आवाज तेवढे येतात, तेही निम्मे तळहातातून. म्हणाले, तुझी चोरी माफ, पण हे बाहेर गेलं तर तू माझा पुतण्या नाहीस. कान तपासले की करवतीवरून उतरवणार, आणि तिथे त्यांना एकतीस वर्षं झाली. मी शपथ घेतली.

तर इकडे असं आहे. भाऊजींना नमस्कार सांग, चिमणीला पापा.

तुझा
भित्रा भाऊ

ता. क. : धीर झाला. काल कारखान्यात फोर्कलिफ्ट मागे येत होती, तिचा तो बारीक भोंगा पीं पीं वाजत होता, सगळे बाजूला झाले आणि काका तिच्या वाटेत पाठ करून उभे. चालवणाऱ्याने कसाबसा ब्रेक मारला. मध्ये हातभर जागा उरली. काका वळले आणि त्यालाच म्हणाले, "भोंगा द्यायला काय होतं रे?" कुणीही हसलं नाही.

ता. क. दुसरा : म्हणून शपथ मोडतोय. तू ये आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ने. माझं ते मानणार नाहीत. मी कळवलं हे खुशाल सांग. पुतण्या नसलो तरी मापं लिहायला तिथेच बसतो, तू येईपर्यंत नजर ठेवीन.

ता. क. तिसरा : फोन करू नकोस, फोन तेच उचलतात. मागच्या महिन्यात तू काकूकडे रडलीस ना, की बाबा हल्ली तुटक वागतात, काहीही सांगितलं तरी हो हो म्हणून ठेवून देतात? तुटक नाही झाले ते, ताई. तुझा आवाज बारीक आहे.