आंद्रेससाठी चार ओळी

तळवली, घणसोली
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो. करंज्या कालच तळून झाल्या. हे पत्र फराळाच्याच खोक्यात ठेवतोय, तेव्हा कागदाला तूप लागलं तर समजून घे. पार्सलचं सगळं हरेशकाकाच्या केतनने अंगावर घेतलंय.

परवा रविवारी मी फोनसमोर येऊन बसलो आणि तू एकदम गप्प झालीस. बरोबरच आहे. सात वर्षं तुझा फोन आला की मी उठून बाहेर कट्ट्यावर जायचो. पण कट्टा खिडकीखालीच आहे, बाळा. सगळं ऐकू यायचं.

लुसीया बोलायला लागल्यापासून दर रविवारी एक वाक्य ठरलेलं. तुझी आई कौतुकाने म्हणायची, "काय बोलते मना कलत नाय, पन किती गोड बोलते!" आणि तू सांगायचीस, "काही नाही गं, खेळण्याचं विचारतेय." मार्चमध्ये मी ते वाक्य कॅलेंडरच्या मागे ऐकलं तसं उतरवून घेतलं. एल आब्वेलो एस्ता एन्फादादो. केतनला मोबाइलवर अर्थ बघायला सांगितला. त्याने वाचून सांगितलं,

"काका, ती विचारते, आजोबा रागावलेत का?"

पाच वर्षांची पोर. तिला काय सांगत असशील तू दर रविवारी?

जूनपासून मी वाशीला स्पॅनिशच्या क्लासला जातोय. आईला सांगितलं, ज्येष्ठ नागरिक संघात जातो. वर्गात कॉलेजची बारा मुलं आणि मी. शिकवणं इंग्रजीतून. मला वाटलं, द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात इतकी वर्षं एजंटांशी इंग्रजीत बोललो, जमेल. कसलं जमतंय! इंग्रजीत एका 'स्पीक'वर मी, तू, ते, सगळ्यांचं भागतं. इथे मी आब्लो, तू आब्लास, ते आब्लान. पहिल्या चाचणीत वीसपैकी चार. वही उचलून निघालोच होतो. आमची उत्कर्षा टीचर, तुझ्यापेक्षा लहान असेल, ती दारात आडवी आली.

"अंकल, इंग्रजी ठेवा ना बाजूला. बोलतो, बोलतोस, बोलतात हे तुम्हाला कुणी पाठ करून घेतलं होतं का?"

त्या दिवसापासून मी मराठीतून स्पॅनिश शिकायला लागलो. पुढच्या चाचणीत चौदा. आता मुलं माझी वही मागतात.

हे सगळं सांगतोय, पण लिहायला बसलो ते वेगळंच होतं.

ऑगस्टमध्ये टीचरने एकदा विचारलं, कसे आहात? भर उन्हातून आलो होतो. मी म्हणालो, "एस्तोय कान्सादा." वर्ग फुटला हसून. टीचर स्वतःबद्दल म्हणायची तेच मी ऐकून पाठ केलेलं. म्हणजे मी म्हणालो, 'मी दमलेली आहे.' मागून एक जण ओरडला, "अंकल, लेडीज झाले तुमी!" मीही हसलो. टीचर तेवढी हसली नाही. तिने फक्त शेवटचा 'दा' पुसून 'दो' लिहिला.

आणि मला सात वर्षांपूर्वीची आपली ओटी दिसली. आंद्रेस हात जोडून उभा. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. "मी तुम्हाला भेटायला आली आहे." तो तुझ्याकडून शिकला होता, दुसऱ्या कुणाकडून शिकणार होता? आणि मी अख्ख्या भावकीसमोर म्हणालो, "आली हायस तर जा आत, बायकांत बसून भाकऱ्या थाप." सगळे हसले. काही न कळून तोही हसला. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

परदेशी जावई नको होता म्हणून लग्नाला गेलो नाही, असं मी गावभर सांगितलं. खोटं होतं ते. त्याच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटत होती. लाज लपवायला राग सोयीचा पडतो. लुसीयाला मराठी का शिकवत नाहीस, असं आईने विचारलं की तू विषय बदलतेस. मला कारण ठाऊक आहे.

रविवारी मी लुसीयाला म्हणालो, "एस्ताबा. या नो." होतो, आता नाही. बसमध्ये घोकत गेलो होतो ते. तिने नुसतं "बाले", म्हणजे 'बरं', म्हटलं आणि तोंड उघडून पडलेला दात दाखवला. आईने पदराने डोळे पुसले, तू मान फिरवलीस, ते मी पाहिलं.

लेकराने एका शब्दात मिटवलं. आंद्रेसनेही तसंच मिटवावं, असं मी म्हणत नाही. सोबत घडी घातलेला कागद आहे, तो त्याला दे. चार ओळी आहेत, स्पॅनिशमध्ये, माझ्या मी लिहिलेल्या. टीचरलाही दाखवल्या नाहीत. क्रियापदं चुकली असतील. तू दुरुस्त करू नकोस, समजावून सांगू नकोस. त्याला हसू आलं तर पोटभर हसू दे.

पासपोर्ट आलाय. पण तिकडे यायचं की नाही, ते त्याने ठरवायचं.

तुझा,
आणि त्याने मानलं तर त्याचाही,
बाबा