हिल्डाची शेपटी

मॅडिसन, १४ मार्च

ती. ऑरिनदादास,

धाकट्या मार्लिसचा, पाठ परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी म्हणते, डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू गोठ्याच्या दाराला बांधलास. (अरे, लंगडतोस तू, दार नव्हे.) कास सुजलेली गाय उठली का? इथे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून. पत्र लांबेल, चिडू नकोस. आणि वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवण्याआधी स्वतः शेवटपर्यंत वाच.

मी प्रयोगशाळेत नेमकं करते काय, हे तू सव्वीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. ‘उंदीर सांभाळते’ म्हणून लोकांना सांगत सुटतोस. तर ऐक. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात आणि त्यांच्या अंगावर नाना तऱ्हेची प्रथिनं. त्यातलं एकच प्रथिन ओळखून फक्त त्यालाच धरणारी एक अँटीबॉडी मी या हातांनी बनवली. एका उंदराच्या पेशी न मरणाऱ्या पेशींशी जोडल्या आणि ताटल्यांमधल्या नऊशे खळग्यांत वाढवून एक खळगा निवडला. त्यातल्या एका पेशीची पोरंबाळं अजून नायट्रोजनच्या टाकीत गारठून बसलीत. बाहेर काढली की तीच अँटीबॉडी बनवतात, तसूभर फरक नाही. कागदोपत्री तिला आकडा आहे, पण सगळे हिल्डाच म्हणतात, आपल्या हिल्डा गायीवरून. ती नाही का, आईशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही! या हिल्डाला चमकता रंग लावून पेशींत सोडायची. ज्या चमकतील त्यांच्या अंगावर ते प्रथिन आहे, असं समजायचं.

आता गोम अशी, की हिल्डाला दोन हात आहेत तशी एक शेपटीही आहे. हातांनी ती नेमकं धरते. पण काही पेशी इतक्या आधाशी, की तशा शेपटीची कुठलीही अँटीबॉडी दिसली की पकडून बसतात, आणि मग त्याही चमकतात, फुकटच्या. म्हणून आधी त्यांना साध्या, बिनरंगी अँटीबॉडीचा खुराक देऊन त्यांची तोंडं बंद करायची. दहा मिनिटांचं काम. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, आणि कुणी विसरलं की असं झापते की पोरं डोळे पुसत घरी जातात.

गेल्या वर्षी जानेवारीत तो खुराक संपला आणि बर्फामुळे नवी बाटली वाटेत अडकली. मी मनात म्हटलं, एवढी वर्षं या पेशी पाहतेय, एकदा नाही दिला तर काय आभाळ कोसळतंय? कुणाला बोलले नाही. एकदाचं तीनदा झालं. त्यात माझी खोड अशी, की सकाळी कॉफी पितापिताच वहीत दिवसभराच्या सगळ्या पायऱ्या लिहायच्या आणि समोर बरोबरच्या खुणाही करून टाकायच्या. म्हणजे न दिलेल्या खुराकापुढेही खूण, तिन्ही वेळा!

त्याच नमुन्यांत आपल्या ब्रिटाला चमक मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर पेशींचा एक नवाच पुंजका दिसला. तुझी लेक किंचाळलीच, "आत्या, अगं इथे कुणी असायलाच नको!" (तुलनेला ठेवलेली दुसरी अँटीबॉडी वेगळ्या शेपटीची निघाली, तिला त्या आधाशी पेशी धरेनात, नाहीतर तेव्हाच बिंग फुटलं असतं.) मीही नाचले रे. प्रयोगशाळेच्या प्रमुख, कधी न हसणाऱ्या आमच्या अख्तरबर्ग बाईंनी घरून सफरचंदाचं सारण भरलेला ‘पाय’ भाजून आणला. त्याच आकड्यांवर ब्रिटानं वर्षभर खपून लेख लिहिला, तो स्वीकारला गेला. त्यावर तिला ओरेगनमध्ये नोकरी मिळाली, ऑगस्टपासून स्वतःची प्रयोगशाळा. आणि तू शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात खुर्चीवर चढून सगळ्या गावाला ते ऐकवलंस, दुखऱ्या गुडघ्यासकट.

गेल्या सोमवारी छापणाऱ्यांनी जरा स्वच्छ चित्र मागितलं. मी प्रयोग पुन्हा केला, खुराक देऊन. पुंजका गायब. आधी मी यंत्राला शिव्या दिल्या. ते सांभाळणारा लुबोमीर म्हणाला, "बाई, यंत्र तुमच्यापेक्षा तरुण आहे, त्याला कशाला बोल लावता?" मग हिल्डाला शिव्या दिल्या. मग खुराकाची बाटली हातात घेतली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘उघडली, ३ फेब्रुवारी’, म्हणजे गेल्या वर्षीची. तिन्ही प्रयोग जानेवारीतले, खुराकाविना केलेले, आणि ते मी साफ विसरले होते. मी स्टुलावर बसले ती अर्धा तास उठलेच नाही.

दादा, चार दिवस गप्प आहे. गप्प राहिलं तर कुणालाही कळणार नाही, कारण वही माझ्या बाजूनं खोटं बोलतेय. पण उद्या कुठलातरी गरीब विद्यार्थी तो पुंजका शोधत बसेल, सापडला नाही की स्वतःच्या हातांना दोष देईल, आणि त्याची दोन-तीन वर्षं मातीत जातील. उलट सांगितलं तर ब्रिटाची नोकरी जाईल. मीच तिला इथे आणली, आणि मीच तिच्या पायावर धोंडा पाडला. काल भांडारात जाऊन रडले. लाज वाटते, पण रडले.

सगळ्यांना यथायोग्य.

तुझी,
मार्लिस टॉलेफसन

ता. क. – पत्र टाकायचं राहिलं आणि आज सकाळी ब्रिटाला सांगून बसले. तिनं हातातल्या नळ्यांची झाकणं एकेक करून लावली, आणि मग विचारलं, "आत्या, तुझ्या पेन्शनला किती महिने राहिले?" चौदा, म्हटलं.

ता. क. दुसरा – कार्टीनं दुपारी लेख मागे घेतला, ओरेगनला कळवलं, आणि बाईंना लिहून दिलं की खुराक द्यायला तीच विसरली! मी धावत गेले, म्हटलं चूक माझी. बाई म्हणाल्या, "दोघी एकाच चुकीसाठी भांडताय, आणि वही म्हणते चूक झालीच नाही. मी ऐकू कुणाचं?" ब्रिटानं आपलं लिहिणं मागे घेतल्याशिवाय त्या माझं ऐकणार नाहीत. ओरेगनवाले २५ तारखेला, सोमवारी ठरवणार आहेत. स्वतःच्या हातून चूक झालेल्या मुलीपेक्षा आत्याची चूक उघडी करणाऱ्या मुलीला ते नक्की ठेवतील, असं मला वाटतं. निदान तशी आशा आहे.

म्हणून हे पत्र. तारखा आहेत, सही आहे. त्याआधीच्या शनिवारी ती तुझ्याकडे येईल आणि तुलाही तेच खोटं सांगेल. सांगू दे. जेवू घाल. मग हे तिच्या हातात दे आणि म्हण, आत्याची चूक आत्याला परत कर. ती तुझं ऐकत नाही, मला ठाऊक आहे. तरी म्हण.