फडताळामागचा कप्पा

प्रिय सायली,

तुझा निरोप दिवाळीतला, आणि मी उत्तर लिहायला बसलोय संक्रांत उलटल्यावर. राग मानू नकोस, पोरी. तू एवढंच विचारलं होतंस, की आप्पा, माझे दागिने न्यायला कधी येऊ? सरळ प्रश्न होता. त्याला उत्तर गेलं नाही म्हटल्यावर तुझ्या माहेरी काय बोललं गेलं असेल, ते मला इथं गारखेड्यात बसून ऐकू येतं. सासरच्यांनी गिळलं, असंच म्हणत असतील. तसं काही नाही. पाटल्या, मोहनमाळ, गोकुळनं पहिल्या पगारात तुला घेतलेली नथ, सगळं जिथल्या तिथं आहे. म्हणजे जिथल्या तिथं नाही, जागा बदलत गेली, आणि तीच हकीकत तुला सांगायची आहे. फोन केला असता, पण तुमच्या गंगापूरच्या घरात फोन स्पीकरवर लावायची सवय आहे आणि मला चार माणसांसमोर सोन्याचं नाव काढवत नाही. म्हणून हे पत्र आपल्या सुदर्शनच्या हाती देतोय. पुतण्याच आहे, आणि त्याची जीप रोज तिकडंच असते. पाकीट खळीनं चिकटवलंय. फोडलेलं दिसलं तर सांग.

गोकुळ गेला आणि वर्षश्राद्ध करून तू माहेरी निघालीस, तेव्हा सगळं एका डब्यात घालून इथंच ठेवून गेलीस. म्हणालीस, असू द्या तुमच्यापाशी. तेव्हापासून माझी झोप त्या डब्यात अडकली. त्यात पावसाळ्यात शेजारचे काकासाहेब लग्नाला वैजापूरला गेले आणि मागं कुणीतरी त्यांचं कपाट साफ केलं. कुलूप जसंच्या तसं, कडी मात्र उचकटलेली. त्यानंतर मी दूध आणायला निघालो तरी अर्ध्या वाटेतून परत यायला लागलो. तुझी सासू माझ्यापेक्षा धीट. तिनं डबा बाजूला टाकला, दागिने फडक्यात बांधले आणि ज्वारीच्या कोठीत खुपसले. मला सांगितलं नाही. तुमच्या तोंडावर लगेच दिसतं, म्हणे. मग मीच एक दिवस कोठीतली ज्वारी काढून दळायला नेली. तौफिक गिरणीवाला ओतता ओतता थांबला आणि म्हणाला, “आप्पा, आज भाकरीत काय घालताय?” फडक्याचं टोक वर आलं होतं, आणि मागं दोन बायका उभ्या. माझ्या तोंडून निघालं, औषध आहे. “महागडं दिसतंय औषध,” म्हणाला आणि गाठोडं माझ्या पिशवीत टाकलं. आणि मागच्या बाईचं दळण ओतायला घेतलं. पीठ तिथंच सोडून मी तडक घर गाठलं.

बँकेत लॉकरची चौकशी केली होती. मिळत होता, पण निघणार माझ्या नावावर. तुझं सोनं माझ्या नावाच्या कुलपात गेलं आणि उद्या माझं काही झालं, तर तू आपल्याच वस्तूसाठी सह्या करत फिरणार. ते मला पटेना. म्हणून खुलताबादच्या मुबारक सुताराला बोलावलं. आपल्या घराची दारंखिडक्या त्यानंच केलेल्या. मधल्या खोलीतलं भिंतीतलं फडताळ तुला आठवत असेल, लोणच्याच्या बरण्यांचं. त्याच्या पाठीपुढं वीतभर जागा सोडून त्यानं दुसरी फळी बसवली. वरचा आडवा तक्ता उचलल्याशिवाय ती सरकत नाही. नवं लाकूड कळू नये म्हणून चहाचं पाणी चोळलं, वर तेलाचा हात मारला. मी सारखा विचारत होतो, दिसेल का, ओळखू येईल का. शेवटी तो रंधा खाली ठेवून म्हणाला, “आप्पा, फळी नाय ओळखू येणार. तुम्ही ओळखू येणार. कोणी आलं की तुमची नजर तिकडंच.” खरं होतं. त्या दिवसापासून मी खुर्ची फिरवून फडताळाकडं पाठ करून बसायला लागलो. मग मान अवघडली.

इतकं सगळं करून झालं आणि दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला मी दुकानातून लाह्या-बत्तासे घेऊन येतो तर बरण्या खाली उतरवलेल्या, त्या चोरफळीला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, झेंडूचं फूल चिकटवलेलं आणि पुढं पणती. मी डोक्याला हात लावला. तुझी सासू शांत. लक्ष्मी तिथं आहे तर पूजा तिथं नको का, म्हणाली. फराळाला आलेल्या काकासाहेबांच्या बायकोनं विचारलं, इथं कुठला देव बसवलाय? सणाच्या दिवशी खोटं कसं बोलायचं म्हणून हिनं सांगून टाकलं, आमच्या सुनेची लक्ष्मी हाय. भाऊबीजेपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. मुबारकला परत बोलावलं तर तो पेटीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. हातातली कामं उरकून तो नवी जागा करायला आला तोवर पौष लागला. नवी जागा कुठं ते इथं लिहीत नाही. आलीस की दाखवतो.

ते काम झालं त्या संध्याकाळी मी म्हणालो, आता सायलीला कळवतो, काळजी करू नको, सोनं पक्कं ठेवलंय. तुझी सासू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्हाला चोराचं भ्याव नाय. पोरीचं भ्याव हाय. सोनं हितं हाय तोवर ती कधीतरी हितं येईल, आन् घेऊन गेली की संपलं, असं धरून बसलात. म्हणून आज ही फळी, उद्या ती फळी.” चहा गार झाला, तो तसाच प्यालो.

आता खरं सांगतो. सुदर्शननं मागच्या आठवड्यात सांगितलं, की तुझ्या भावानं तुझ्यासाठी स्थळ आणलंय, पैठणचं. बायको वारलेली, एक लहान मुलगी, खताच्या दुकानात नोकरी. आणि तू हो म्हणत नाहीस, नाही म्हणत नाहीस; आप्पा-आईंना काय वाटेल, एवढंच म्हणतेस. ऐकलं आणि मला चैन पडेना. कुणाला न सांगता एसटीनं पैठणला गेलो. पत्ता विचारत त्यांच्या गल्लीत पोचलो आणि समोरच्या टपरीवर बसलो. तो माणूस ओट्यावर मुलीची वेणी घालत होता. वेणी वाकडी येत होती, मुलगी ओरडत होती, आणि हा सोडून परत घालत होता. मी उठून आलो. तुझ्या सासूला सांगितलं, तर तिनं वेणीचं दोनदा सांगायला लावलं. मग आत जाऊन थोडी रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, लिहा तिला. तर लिहितोय. तुझ्या मनात असेल तर हो म्हण, नसेल तर नको म्हण, पण आमच्यासाठी अडू नकोस. गोकुळ आमचा होता, तू अजून आहेस. लग्न ठरलं तर आदल्या दिवशी इथं ये. तुझी सासू तुला एकेक दागिना आपल्या हातानं घालणार आहे, आणि त्या घरी जाताना तू आमच्याही दारातून जायचंस. पुढं दिवाळीला तिघं या. ती लहान मुलगी मला काय म्हणेल, याचा विचार मी आतापासून करायला लागलोय. दागिने सोनाराकडून उजळून ठेवू, की आहेत तसेच राहू देऊ, ते तू सांग. सुदर्शन उद्या संध्याकाळी परत फिरतो, त्याच्याजवळ दोन ओळी तरी दे. माझ्यासारखा उशीर करू नकोस, लवकर कळव.

तुझाच,
आप्पा