दिवा मुंबईहून यायचा आहे

३ ऑगस्ट १९५८, रविवार. नाचणगाव

उभ्या बंडीवर! चालत्या नव्हे — उभ्या! बैल सोडलेले, बाजूला चरत होते. देवळीच्या जरा पुढे गवताने भरलेली बंडी सडकेच्या कडेला मुकाट उभी, आणि आमच्या स्वारीने फटफटी नेऊन नेमकी तिच्यात घातली. एवढी मोठी सडक पडली होती!

स्वारी म्हणजे बबनराव. लग्नाला तीन महिने झाले. नाव घेताना अजून लाजायचं असतं म्हणे, तेव्हा इथे स्वारीच.

सेलूहून माहेरी निघालो ते धोंड्यासाठी. अधिक महिना, नवा जावई — आईने अनारसे तळून ठेवले होते. आभाळ गच्च भरलेलं आणि स्वारीच्या डोळ्यांवर काळा चष्मा! देवळीच्या नाक्यावर चार माणसं चहा पीत होती. त्यांनी आपल्याला पाहिलं की नाही, हे स्वारी मान वळवून पाहत होती. पुढे बंडी होती ती कोण पाहणार?

आता म्हणतात, ब्रेक लागलाच नाही. लागेल कसा? दाबायला नको? मी मागेच बसले होते. सगळं जवळून पाहिलेली मी एकटी, आणि मला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

दिवा फुटला, हँडल वाकलं, पुढचं चाक तिरपं झालं. माझं कोपर सोललं. डावा कान गुणगुणतो आहे. फटफटी त्या बंडीवाल्याच्या अंगणात टाकून तिकीट काढून सर्विस मोटारीने इथे पोचलो. आईने जावयावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारच्या बाया आल्या त्या विचारत — "गाडीले किती लागलं वं?"

४ ऑगस्ट

स्वारी सेलूला परतली. अनारशांचा डबा मात्र आठवणीने नेला.

जाताना बाबांना म्हणाली, "गाडी तुम्ही देल्ली, तुम्हीच दुरुस्त करून द्या. ग्यारंटी हाये ना? गाडी तयार झाली की येतो हिले घ्याले. सर्विस मोटारीत बसून सासरवाडीले येऊ काय मी?"

आणि बाबा काय म्हणाले? "बरं." आमच्या बाबांना, अण्णाजींना, सगळा गाव देवमाणूस म्हणतो. मी पुळचट म्हणते. वहीत. तोंडावर नाही.

तर ठरलं. गाडी दुरुस्त झाली की मी सासरी. तोवर माहेरी. आई रडली. मी नाही रडले.

६ ऑगस्ट

बाबा देवळीला जाऊन फटफटी बंडीवर चढवून वर्ध्याला पोचवून आले. बंडीवाल्याचं नाव रामाजी. त्याची माफीही मागून आले म्हणे. ठोकलं जावयाने, हात जोडले सासऱ्याने!

आल्यावर जेवले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. त्या रामाजीने चारचौघांत चांगलं खडसावलेलं दिसतं. बरंच झालं.

९ ऑगस्ट, शनिवार

ग्यारंटीचा निकाल लागला.

फटफटी वर्ध्याच्या हिरालालच्या दुकानातली. लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी गाडी — काळा रंग फासून, चांदीच्या पट्ट्या मारून नवरीसारखी सजवलेली. सहा महिन्यांची ग्यारंटी, छापील कागदावर, वर गणपती. लग्नात देताना त्याने तो कागद बाबांच्या कपाळाला लावला होता. आज म्हणतो, "देखो अण्णाजी, ग्यारंटी इंजिन की है. ठोकर की नहीं."

बाबा म्हणाले, जावई म्हणतात ब्रेक लागला नाही.

"तो जावईबापू से पूछो ना, ब्रेक पे पाँव था या नहीं!"

हिरालाल लबाड आहे, पण आजवर या प्रकरणात शहाणपणाचा प्रश्न त्या लबाडानेच विचारला.

मग त्याने बाबांना मागच्या गल्लीतल्या प्रेमदास मिस्त्रीकडे पाठवलं. काम स्वखर्चाने. म्हणजे हिरालाल सुटला, स्वारी सुटली. अडकले बाबा, आणि मी.

२३ ऑगस्ट, शनिवार

बाबा दर शनिवारी पॅसेंजरने वर्ध्याला जातात. आज येऊन म्हणाले, "दिवा मुंबईवून याचा हाये."

आई म्हणाली, "वर्ध्यात दिवे नाईत काय?"

"त्या गाडीचे नाईत."

२८ ऑगस्ट

दुपारी शेजारच्या मंदीच्या घरी हळदीकुंकू. प्रत्येकीने विचारलं — "काऊन वं रुख्मिणी, गाडी झाली नाई काय अजून?" जशी गाडी माझ्या पोटात आहे! एकीने डावीकडून काही विचारलं ते मला ऐकूच आलं नाही. ती म्हणाली, गर्व चढला सेलूचा.

कान. लिहून टाकते एकदाचं.

घरी सांगितलं, पडले तेव्हा लागला. खोटं. पडले तेव्हा फक्त कोपर लागलं होतं. स्वारी त्या गवतात उताणी पडली होती, काळा चष्मा एका कानावर लोंबत होता, तोंडात गवताची काडी — आणि मला हसू आलं. आवरलं नाही. खो खो हसले. स्वारी उठली, चष्मा नीट केला, माझ्यापाशी आली आणि कानाखाली ठेवून दिली. सगळा जोर लावून. रामाजी तिथेच बैलांपाशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

पहिल्यांदा नव्हे. पण त्याआधी घराच्या आत.

कुणाला सांगायचं? आईला? ती म्हणेल, हसायचं कशाला. बाबांना? ते म्हणतील, बरं.

६ सप्टेंबर, शनिवार

दिवा मुंबईहून निघाला आणि चुकून भुसावळला उतरला. बाबांचे शब्द! दिवा आहे की व्याही? भुसावळला उतरून चहा पीत बसला असेल!

हा प्रेमदास मिस्त्री बाबांना बनवतो आहे आणि बाबा तोंड उघडं ठेवून ऐकतात. दर शनिवारी नवं कारण घेऊन येतात आणि आईला असं नीट समजावून सांगतात जसं काही स्वतः मुंबईला जाऊन आलेत.

१३ सप्टेंबर

पोळा. बैलांच्या शिंगांना बाबांनी स्वतः रंग दिला. आज शनिवार, तरी सण सोडून दुपारच्या गाडीने वर्ध्याला गेलेच. दिवा आला म्हणे. पण दुसऱ्याच गाडीचा निघाला.

मला हसू आलं. हसताना आपोआप हात कानावर गेला. बाबा माझ्याकडे बघत होते. मी हात खाली घेतला.

१४ सप्टेंबर

तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारोदार. एका पोराच्या बैलाचं चाक निघालं, त्याने थुंकी लावून बसवलं आणि पुढे गेला. प्रेमदासला दाखवायला हवं होतं!

२० सप्टेंबर, शनिवार

मिस्त्रीचा हात भाजला. आता हातच नाही तर काम कसं होणार, बाबा म्हणाले.

२७ सप्टेंबर, शनिवार

हँडल सरळ केलं होतं ते आपोआप पुन्हा वाकलं. आपोआप! हे ऐकून बैलही हसला असता. आई म्हणाली, "अशा मिस्त्रीले जोड्यानं हानाले पायजे." मी पहिल्यांदाच आईच्या बाजूची झाले.

५ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई स्वतः आल्या! देवकाबाई, पुलगावच्या ठेसनावरून टांग्याने. पितृपंधरवड्यात कुणी सून न्यायला येत नाही. दम द्यायला चालतं वाटतं.

पाट दिला, पाणी दिलं. पाण्याला हात लावला नाही. बाबांना म्हणाल्या, "गाडी देल्ली तं चालनारी द्याव. आमचा बबन दोन महिन्यांपासून पायी फिरून राह्यला. लोक हासतेत. दसऱ्याले गाडीची पूजा आमच्या दारात झाली पायजे. गाडी नाई आली तं सुनेले इकडंच ठेवा. आमाले पोरींची कमी नाई."

एका बायकोवर दुसरी करायला आता कायद्याने बंदी आहे, हे कुणी सांगावं यांना! मी सांगणार होते. आईने डोळे वटारले.

लोक हसतात म्हणे. मी हसले तर कान जातो, लोक हसले तर फटफटी हवी.

बाबा म्हणाले, "दसऱ्यापोवत पाहातो." सासूबाईंनी जाता जाता मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जशी मीच वाकलेली आहे आणि माझीही दुरुस्ती व्हायची आहे. डाव्या बाजूने काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. विचारलं नाही.

रात्री आई म्हणाली, "बाईनं आपल्या घरी राहावं. त्या मिस्त्रीच्या मागं लागा, अन् दसऱ्याच्या आत पाठवा हिले."

मला जायचं नाही.

लिहिलं आणि दार आतून लावलेलं आहे ना, ते उठून पाहून आले. पण नाही जायचं.

१२ ऑक्टोबर

जायचं नाही म्हणून कुणाची सुटका झाली आहे? आज नाही तर दिवाळीला जावं लागेल. हे असं टांगून राहणं मात्र आता सोसवत नाही. गल्लीतल्या बाया, आईचे उसासे, आणि दर शनिवारी बाबांची ती गोष्ट. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. त्या मिस्त्रीच्या नावाने मनातल्या मनात मी काय काय शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येत नाहीत.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज अक्षर कसंही येईल.

काल रात्रीपासून बाबांना ताप. तरी सकाळी उठून टोपी घालायला लागले. आईने निजवलं. मी म्हटलं, मी जाते वर्ध्याला. त्या मिस्त्रीचं तोंड तरी बघते! बाबा अंथरुणात उठून बसले — "नको, नको, तू नको जाऊ बाई." एवढ्या जोराने बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणून तर गेलेच.

हिरालालच्या दुकानामागची गल्ली. टिनाचं शेड. प्रेमदास बनियनवर बसून चाकाचं काहीतरी पुसत होता. हात दोन्ही धड. भाजल्याची खूण नाही! मी तोंड सोडलं. काय काय बोलले आठवत नाही. लबाड म्हटलं, चोर म्हटलं. तुझ्यापायी माझा बाप अर्धा झाला, म्हटलं.

त्याने ऐकून घेतलं. उठला. कोपऱ्यात गोणपाट टाकलं होतं ते ओढलं. खाली आमची फटफटी. काळी, चकचकीत. हँडल सरळ. दिवा जागेवर. एक लाथ मारली तर सुरू झाली. त्याने लगेच बंद केली.

"बाई, हे तं पोळ्याच्या आधीच तयार झाली. दिवा नागपूरवून आनला होता मी, गाडी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुमचे बाबा दर शनिवारी येतेत. बाकड्यावर बसतेत, चहा घेतेत, अन् म्हनतेत, राहू दे प्रेमदास अजून. मी म्हनलं, अण्णाजी, जागा अडून राह्यली. तं म्हने, देवळीच्या रामाजीनं मले सारं सांगतलं. माह्या पोरीचा कान बरा व्हाचा हाये. तोवर गाडी होऊ देऊ नको."

मी त्या बाकड्यावर बसले. त्याने चहा मागवला. मी चोर म्हटलं त्याबद्दल काही बोलायचं होतं. चहा प्यायले.

मुंबई, भुसावळ, भाजलेला हात, आपोआप वाकलेलं हँडल — सगळं बाबांनी रचलेलं! ज्या माणसाला बाजारात वांग्याचा भाव पाडून मागता येत नाही, त्याने! आणि मी या वहीत त्यांना काय काय म्हटलं आहे. फाडून टाकावीत ती पानं. नको, राहू देत.

परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. लग्नानंतर पहिल्यांदा.

घरी पोचले तर बाबा कांबळं पांघरून ओट्यावर बसलेले. माझ्या तोंडाकडे बघेनात. "झाली काय वं गाडी?"

"नाही झाली," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "बरं." आणि आत जाऊन झोपले. संध्याकाळी ताप उतरला.

२२ ऑक्टोबर

दसरा. सेलूला गाडी गेली नाही. मीही नाही.

सोनं वाटून झाल्यावर आईला माजघरात बसवून सगळं सांगितलं. कानाचं. घराच्या आतलं. प्रेमदासच्या शेडमधलंही. आई मला हसायचं कशाला असं म्हणाली नाही. माझ्या उजव्या बाजूला बसली होती ती उठून डाव्या बाजूला आली आणि माझ्या कानावर हात ठेवून बसून राहिली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बाबा टोपी घालून पॅसेंजरला निघाले. आई दारापर्यंत गेली. म्हणाली, "त्या मिस्त्रीले सांगजा, दिवा बराबर नाई लागला. परत पाठवा म्हना मुंबईले."