हजार नंबरचा मालक

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण दहावी आणि थोडं इकडचं तिकडचं, मोबाइल टॉवरवर चढून अँटेना बसवतो. सोमवारपासून दीडशे फुटांवर काम आहे. माझ्याआधीचा गडी तिथूनच पडला. मुकादम म्हणाला, काय असेल ते लिहून ठेव. म्हणून पूर्ण शुद्धीत, कोणाची जबरदस्ती नसताना, हे लिहितो. आधीचं मृत्युपत्र नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

१. घर, जमीन माझ्या नावावर नाही. सायकल समोरच्या इस्त्रीवाल्याला. ब्रेक मागचाच धरावा. पुढचा धरून मी एकदा थेट न्हाव्याच्या दुकानात शिरलो होतो, पण ते राहू दे.

२. पाने, पक्कड आणि कमरेचा पट्टा मुकादमाला. पट्ट्याचा हूक बदला, हे त्याला तीनदा सांगून झालंय. इथे चौथ्यांदा.

३. पेनड्राइव्ह तेरा. प्रत्येकात लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी फुकट चालणारी, वेगळी सिस्टिम. मला एका गावात राहवत नाही, तसं एका सिस्टिमवरही नाही. एकीत आवाज नव्हता, एकीत वायफाय, एक चांगली चालत होती म्हणून सोडली. हवे त्याने घ्यावेत.

४. आता मुख्य. दादाचा कॉम्प्युटर वहिनीचाच आहे, मी देणारा कोण? पण त्यातल्या दादाच्या फायली चार वर्षं माझ्या नावावर आहेत. त्या त्याला परत करायच्या आहेत.

झालं ते असं. दादा गेल्याचं मला एकोणीस दिवसांनी कळलं. बदललेला पत्ता मी घरी कळवलाच नव्हता. आलो तर कोणी रागावलं नाही, ते जास्त लागलं. रिकामं बसवेना. त्याच्याही कॉम्प्युटरवर लिनक्सच. स्क्रीनवर सारखी चौकट यायची, की या सिस्टिमचा सपोर्ट संपतोय, पुढे अपडेट मिळणार नाहीत. म्हटलं, एवढं तरी करू. फायली तशाच ठेवून नवी सिस्टिम टाकली. तिने वापरणाऱ्याचं नाव विचारलं, मी माझं घातलं.

लिनक्स फायलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितं. पहिल्या माणसाला हजार. तो नंबर दादाचा होता, तो मला मिळाला. त्याच्या नकाशांवर, पत्रांवर, सगळीकडे मालक म्हणून माझं नाव आलं. फक्त मालकालाच उघडणारा त्याचा एक फोल्डर होता, तोही उघडला. आत 'भिंगरी' नावाची फाइल. भिंगरी म्हणजे मी. मी राहिलो त्या सगळ्या गावांचे पत्ते, तारखांसकट. शेवटच्या ओळीत तारीख होती आणि पत्त्याच्या जागी प्रश्नचिन्ह.

वहिनी मागे उभी होती. म्हणाली, "बसायचं होतं तर शेजारी बसायचंस. ह्यांना उठवलंस कशाला?"

एका कमांडने परत करता आलं असतं, पण तिने पुन्हा हात लावू दिला नाही. तेव्हापासून मी त्या खोलीत खुर्चीला वळसा घालून जातो. खुर्ची रिकामी असते, तरी.

५. या सिस्टिमचाही सपोर्ट पुढच्या महिन्यात संपतोय. माझ्यामागे दुरुस्तीवाल्याने नवी टाकावी. पहिलं नाव दादाचं, म्हणजे हजार नंबर त्याला परत जाईल, दुसरं वहिनीचं. माझं घालूच नये.

(कलम ५ खोडलं आहे. इथवर वहीत लिहिलं होतं, तेच इथे उतरवलं. वही टेबलावर राहिली आणि वहिनीने वाचली. मला बोलावलं आणि म्हणाली, "म्हणजे तू मरेपर्यंत ह्यांनी उभंच राहायचं?" काल दुपारी नवी सिस्टिम टाकली. दादाचं नाव तिने स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर शोधत. 'भिंगरी' फाइल उघडली. मालक, दादा. ती उठली आणि खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली, कोणाला बसायला लागते तेवढी.)

६. सिस्टिमवर माझं खातं नाही. उद्या निघायचं तर नवं कशाला, असं वहिनी म्हणाली, म्हणून हे मृत्युपत्र दादाच्या खात्यावर टाइप केलं. जतन केल्यावर मशीन याचा मालक म्हणून त्याचंच नाव दाखवतंय. सही मात्र माझी धरावी. वाद निघाल्यास त्याला विचारावं.

सही: (भिंगरी)

साक्षीदार, दोघांनाही यातून काही मिळत नाही:
१. खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले काका
२. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला

स्थळ: वहिनीचं घर, आतली खोली
दिनांक: २९ मार्च, शनिवार